नंबर जाईल, पण रात्रीचे दिवे?

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझरची चौकशी करायला आलेले बरेच जण एक शंका मनात धरून बसलेले असतात: ऑपरेशननंतर रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हणे!

असाच एक तरुण आला होता. दोन्ही डोळ्यांना मायनस ५, काम रात्रपाळीत गाडी चालवण्याचं. ‘‘मॅडम, डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर, म्हणजे कॉर्निया, खरडल्यावर तो धुरकट होणारच ना?’’

लॅसिकनंतर, म्हणजे या लेझर ऑपरेशननंतर, कॉर्निया सहसा पारदर्शकच राहतो, बदलते ती त्याची गोलाई. डोळ्याच्या साधारण ६० डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक) ताकदीपैकी ४३ एकट्या कॉर्नियाची असते. मायनस नंबरात प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते; कॉर्नियाचा मधला भाग किंचित सपाट केला की ती मागे, पडद्यावर येते. त्यासाठी ६ मिलिमीटर रुंदीच्या भागात एका डायॉप्टरमागे जेमतेम १२ मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) थर निघतो. त्या तरुणाच्या मायनस ५ साठी झाले ६०, आणि कॉर्नियाची जाडी असते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

मग वलयं कुठून येतात? मूळचा कॉर्निया मध्ये जास्त फुगीर आणि कडेकडे सपाट होत जाणारा. मायनस नंबर काढताना हे उलटं होतं. दिवसा बाहुली बारीक असते, प्रकाश फक्त मधल्या भागातून येतो, काही जाणवत नाही. अंधारात बाहुली मोठी झाली की कडेचे किरणही आत शिरतात आणि मधल्या किरणांच्या जागी जुळत नाहीत. नंबर मोठा, तितका हा फरक जास्त. हल्लीची यंत्रं कडेलाही थोडा जास्त मारा करून तो कमी करतात, पण पूर्ण पुसत नाहीत. (‘चष्म्याला कायमचा रामराम’वाल्या जाहिरातीत एवढं कोण सांगणार!)

‘‘मग भाग मोठाच घ्या की,’’ तो म्हणाला. प्रश्न अगदी बरोबर होता. पण खोली रुंदीच्या वर्गाच्या पटीत वाढते: ७ मिलिमीटर घेतले तर ६० चे ८० मायक्रॉन. पातळ कॉर्नियाला हे झेपत नाही. त्याच्या तपासणीत जाडी आणि आकार दोन्ही चांगले निघाले, म्हणून डॉक्टरांनी रुंद भाग निवडला. सुरुवातीचे काही महिने दिवसपाळी मागून घ्या, एवढं मी सुचवलं.

आणखी एक सांगितलं. ऑपरेशनआधीचे रिपोर्ट जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला, तर बदललेल्या कॉर्नियावर नेहमीची मोजणी फसते आणि आत बसवायच्या भिंगाचा नंबर चुकू शकतो. तेव्हा हेच आकडे डॉक्टरांच्या उपयोगी पडतील.