पहिल्यांदाच फॅमिलीला घेऊन परदेशात जाताय? मग हे वाचा

अरे आधी देश ठरवून मग बजेट बघू नकोस, उलटं कर. आणि तिकिटाच्या आधी सगळ्यांचे पासपोर्ट काढून तारखा बघ, बऱ्याच देशांना ६ महिने व्हॅलिडिटी लागते, आमचं एकदा यातच घोडं अडलं होतं. युरोप डोक्यात असेल तर शेंगेन व्हिसाच (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या पोरांना ४५, त्याहून लहान फुकट, वर ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स पाहिजेच. पाच शहरं कोंबू नको रे, दोनच घे, किचनवालं अपार्टमेंट बघ, मुलांची चिडचिड पण कमी होते. आणि कार्ड मशीनने करन्सी विचारली की तिथलीच निवड, आपली निवडलीस की रेटमध्ये कापतात.