वृद्धांचं निवासगृह नव्याने सांभाळायला घेताय? आधी एवढं बघा

अभिनंदन. फायलींचा ढीग बघून घाबरू नका, तो हळूहळू उपसता येतो. नियमांची कलमंही नंतर.

खोली हे तिथे राहणाऱ्या माणसाचं घर आहे. दार वाजवा, थांबा, "या" ऐकल्यावरच आत जा. तुम्ही हे केलंत की कर्मचारीही करतात. आंघोळ कधी, कपडे कोणते, हे राहणाऱ्यांनाच विचारा. नवे व्यवस्थापक इथेच चुकतात: सगळं मुलामुलींशी बोलतात आणि समोर बसलेल्या आजींकडे बघतही नाहीत.

दुसरी मोठी चूक म्हणजे 'पडू नये म्हणून' खुर्चीला बांधणं. कृपा करून हे करू नका. बसून बसून पायांतली ताकद जाते आणि सुटायच्या धडपडीत माणूस जास्त जोरात पडतो. पलंगाच्या कठड्यांत अडकून माणसं दगावली आहेत. गप्प बसवायला झोपेची गोळी देणं हेही बांधणंच. त्यापेक्षा:

- संडासच्या वाटेवर रात्रभर दिवा
- घट्ट बसणारी, न घसरणारी चप्पल
- हाताशी घंटी, आणि ती वाजल्यावर येणारं माणूस

नळाचं गरम पाणी स्वतः मोजा. ६० अंश सेल्सियसला काही सेकंदांत कातडी भाजते. आगीचा सराव रात्रपाळीसोबतही घ्या, कारण तेव्हाच माणसं कमी असतात.

तक्रारवही कोरी दिसली तर खूश होऊ नका, लोक बोलायला घाबरत असतील. गोळी चुकली, कुणी पडलं, तर त्याच दिवशी खरं लिहा आणि घरच्यांना तुम्ही स्वतः फोन करा.