'ऑस' म्हणजे हाड की तोंड?

प्रश्न : मी मराठी माध्यमातली, दहावीला शंभर मार्कांचं संस्कृत होतं. आता एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. अ‍ॅनाटॉमीतली लॅटिन नावं डोक्यात राहत नाहीत. 'ऑस' एका पानावर हाड, दुसऱ्या पानावर तोंड! लॅटिनचा क्लास लावू, की शाखाच चुकली?

उत्तर : क्लास नको. अगं, मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. रोमन लोक तोंडाचा 'ओस' दीर्घ म्हणत, हाडाचा ऱ्हस्व. लिहायला दोन्ही सारखेच. उत्तर आफ्रिकेतल्या लोकांच्या कानाला हा फरक कळत नाही, त्यापेक्षा हाडाला 'ऑसुम' म्हटलेलं बरं, असं तिथलेच बिशप असलेल्या संत ऑगस्टिननं सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. तेव्हा मराठी माध्यमाला बोल लावू नकोस.

फरक दिसतो षष्ठीत. तोंडाचं 'ओरिस', हाडाचं 'ऑसिस'. ओठांभोवतीचा 'ऑर्बिक्युलॅरिस ओरिस' म्हणजे तोंडाचा गोल स्नायू. अनेकवचनातही हाडं 'ऑसा', तोंडं 'ओरा'. 'ऑसा कार्पी' ही मनगटाची आठ हाडं. त्यातलं 'कार्पी' हीसुद्धा षष्ठीच. चा-ची-चे लावून वाच, नाव उलगडतं. प्रिस्क्रिप्शनवरचं 'पी.ओ.' म्हणजे 'पर ऑस', तोंडावाटे. इथे द्वितीया असूनही रूप बदललं नाही, कारण शब्द नपुंसकलिंगी. 'वनम्'ची प्रथमा-द्वितीया आठवते ना? तेच.

आणि संस्कृत वाया गेलं असं तर मुळीच समजू नकोस. हाडाचा 'ऑस' आणि आपलं 'अस्थि' एकाच मुळातून आलेत. तोंडाचा 'ओस' आणि 'आस्य'ही तसेच. गर्भाशयाच्या 'एक्स्टर्नल ऑस'पाशी पुन्हा अडशील, तिथे हाड शोधू नकोस. आपण 'गर्भाशयमुख' म्हणतो, त्यातलंच ते मुख.

वहीत प्रत्येक नामापुढे षष्ठी आणि लिंग लिही. लॅटिन शब्दकोशातही नोंद अशीच असते : ऑस, ऑसिस, नपुं.

राहिला शाखेचा प्रश्न. तो शब्दांवरून ठरवू नकोस. डिसेक्शनच्या टेबलाशी गर्दीतून पुढे सरकून बघावंसं वाटतं का? वाटत असेल तर नावं दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतील. वाटतच नसेल, तर मला पुन्हा लिही. तो प्रश्न निराळा आहे आणि त्यावर आईबाबांसोबत बसून बोलू.