स्तनाच्या कर्करोगात उपचार ठरवण्यासाठी गाठीची जनुकीय चाचणी करतात. रुग्णांना ती कशी वाटते?

बहुतेकींना ती हवीशी वाटते, कारण मनात प्रश्न एकच असतो: केमो टळेल का? पण ती नेमकं काय सांगते याबद्दल गोंधळ फार. "म्हणजे माझ्या मुलीलाही धोका आहे का?" असं लगेच विचारलं जातं. तो प्रश्न बीआरसीए चाचणीचा, ती घराण्यातून आलेला जनुकीय दोष शोधते. गाठीची ही चाचणी, म्हणजे ऑन्कोटाइप डीएक्स, काढलेल्या गाठीच्याच नमुन्यातली २१ जनुकं किती सक्रिय आहेत ते पाहते. त्यासाठी वेगळी सुई टोचावी लागत नाही.

निकाल म्हणजे आजार परतण्याचा धोका सांगणारा ० ते १०० मधला आकडा, म्हणजेच गुण. कमी आला की सुटल्यासारखं वाटतं, जास्त आला तर निदान केमो कशासाठी घ्यायची ते पटतं. खरी घालमेल मधल्या आकड्यावर. २०१८ साली टेलरएक्स या मोठ्या अभ्यासाने दाखवलं, की हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणाऱ्या), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेल्या) आणि काखेतल्या लसिका गाठींपर्यंत न पोचलेल्या आजारात ११ ते २५ गुण असतील तर बहुतेकींना हार्मोनविरोधी गोळ्या पुरतात. पन्नाशीपर्यंतच्या बायकांना मात्र १६ ते २५ गुणांमध्ये केमोचा थोडा फायदा दिसला. "नाही घेतली आणि परत उलटला तर?" ही भीती तिथे आकड्याने जात नाही, आणि मला ती अगदी रास्त वाटते.

म्हणून डॉक्टरांना नुसता गुण विचारू नका. माझ्यासारख्या शंभर जणींत केमोचा फायदा कितीजणींना होईल, असं विचारा आणि उत्तर तिथेच कागदावर लिहून घ्या. त्या ताणात ऐकलेलं बरंचसं घरी येईपर्यंत निसटतं.