बजेटची ती एक ओळ

अगं, कचरावेचकांवरच्या संशोधनासाठीचा तुझा निधीचा अर्ज छान झालाय, पण बजेट पुन्हा बघ. कचरावेचक ताईंचा अर्धा दिवस तुझ्या बैठकीत गेला की तेवढं भंगार विकायचं राहतं. त्या वेळेचं मानधन वेगळ्या ओळीत दाखव, 'चहापाणी'त कोंबू नकोस. माझा पहिला अर्ज तिथेच आपटला होता.

परदेशी निधी असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, वाच. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो.

आणि संशोधनाचा प्रश्न तू एकटीने ठरवलायस का? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे. आधी त्यांच्याशी बोल, मग शीर्षक. (तेही जरा छोटं कर बाई!)