ट्रेकला नेता येईल अशी लहान दुर्बीण: ८×२५ घ्यावी की १०×२५?

चष्मा आहे, पावसाळी ट्रेकही करता आणि पक्षीही बघायचेत, असं तुम्ही लिहिलंय. मग माझं मत असं की या दोन्ही सोडा आणि ८×३२ बघा. (पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिमीमध्ये.)

मोठ्या आकड्याला भुलून मी १०×२५ घेतली होती. जुलैत कर्नाळ्याला गेलो. आभाळ भरलेलं, वर झाडांचं दाट छत. तिबोटी खंड्या समोर बसलेला. शेजारचे काका त्याच्या रंगांनी हरखून गेले होते आणि मला दिसत होता एक काळपट गोळा, तोही थरथरणारा. चढून धाप लागली की हात हलतोच आणि दुर्बीण तो कंपही दहापट करून दाखवते.

काळपट का, तर साधा भागाकार आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पहिला आकडा, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. १०×२५ मध्ये ती २.५ मिमी, ८×२५ मध्ये ३.१, ८×३२ मध्ये पूर्ण ४. भिगवणच्या उघड्या पाण्यावर, लख्ख उन्हात हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तेव्हा डोळ्याची बाहुलीच आकसलेली असते. रानातल्या सावलीत मात्र जाणवतो.

चष्म्यासाठी ‘आय रिलीफ’, म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिमीहून जास्त हवा, नाहीतर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं. छोट्या दुर्बिणी बहुधा इथेच मार खातात. दुकानात चष्मा लावूनच, डोळ्याकडच्या वाट्या खाली करून बघा.

नायट्रोजन भरलेली, वॉटरप्रूफच घ्या. कोकणातल्या दमटपणात साध्या दुर्बिणीच्या भिंगांना आतून बुरशी धरते. झूमवाली आणि लालभडक काचांची नको. दोन मीटरवर फोकस होत असेल तर फुलपाखरंही बघता येतील.

वजन? ८×२५ साधारण ३०० ग्रॅम, ८×३२ पाचशे-सहाशे. गळ्यात लटकवण्याऐवजी खांद्यांवरून जाणारा पट्टा लावला की चढावर हिंदकळत नाही. पण इतकं वजन बघूनच तुम्ही दुर्बीण घरी ठेवणार असाल, तर मात्र चष्म्यासह नीट दिसणारी ८×२५ घ्या. १०×२५ नकोच.

माझी ती आता आईच्या खिडकीत असते. समोरच्या उंबरावरचे तांबट तिला त्यातून छान दिसतात, ऊन असलं की.