माळावरच्या गवतावर कोकरं भरतील का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही शिरूर तालुक्यातले. 20 कोकरं घेतलीत, साडेतीन महिन्यांची, वजन 14-15 किलोच्या आसपास. माळावरचं गवत दिवाळीनंतर कापून गंजी लावलीय, तेच घालतोय. पोटं टम्म दिसतात पण महिन्यात किलोभर पण वाढ नाही. खोट गवतात आहे का कोकरांत?

उत्तर: दादा, कोकरांत काही खोट नाही, गवत उशिरा कापलं गेलं. पवन्या, मारवेल, कुसळी हे गवत निसवायला, म्हणजे तुरे बाहेर पडायला, लागलं की लगेच कापलं तर त्यात 6-7 टक्के प्रथिनं मिळतात, बी झडून पिवळं पडलं की तीच 3-4 वर येतात. आणि पोटातल्या ज्या जिवाणूंच्या जिवावर चारा पचतो त्यांनाच साधारण 7 टक्के लागतात, ते उपाशी राहिले की चारा पोटात नुसता पडून राहतो, कोकरू पुढचं खात नाही आणि आपल्याला वाटतं पोट भरलंय.

आजच एक काम करा, एकेकाचा ओठ उचलून हिरड्या आणि जिभेखाली बघा. गंजीत कुसळी असेल तर काळपट कुसळं रुतलेली दिसतील, त्याची टोकं उलट्या काट्यासारखी असतात, आपोआप निघत नाहीत. मी अशी कोकरं पाहिलीत, गव्हाणीत तोंड घालायची आणि लाळ गाळत मागं सरायची, बघवत नाही. चिमट्याने काढा, जखम असेल तर जवळच्या डॉक्टरांना दाखवा.

गंजी फेकू नका, पण नुसत्या गवतावर मांस चढणार नाही. कुसळं झटकून गवत बारीक कापा, जोडीला भुईमुगाचा पाला नाहीतर तुरीचा भुसा द्या, आणि मका भरडा, शेंगदाणा पेंड, थोडं मीठ, खनिज मिश्रण असा खुराक. पहिल्या दिवशी 50 ग्रॅमच हां, मग दोन आठवड्यांत हळूहळू 250-300 वर न्या, घाईत जास्त घातला की पोट बिघडून दणकट कोकरू रात्रीत जातं. म्हणून खुराक वाढवायच्या आधी आंत्रविषाराची (जास्त खाण्यानं आतड्यात विष तयार होऊन कोकरू दगावतं, तो रोग) लस आणि जंताचं औषध झालेलं पाहिजे. युरिया लावलेला चारा एवढ्या लहान वयात नकोच.

गंजीत काळं पडलेलं, कुबट वासाचं गवत निघालं तर ते घालू नका, घाणेरीच्या फांद्या आल्या असतील तर त्याही वेचून काढा, विषारी असतात. वजन दर 15 दिवसांनी सकाळी उपाशीपोटी करा आणि दोन वजनांनंतर मला परत कळवा.